हुपरीचे दादा

आमच्या कोल्हापुरात बायका 'मी आलो', 'मी गेलो', 'मी जेवलो' असं बोलतात. पुण्याकडच्या माणसांना याचं मोठं नवल वाटतं. लग्नात भेटलेली एखादी लांबची मावशी मला हमखास सांगते, अगं, बाईसारखं बोल की जरा. मी बाईसारखंच बोलत असते. शाहूपुरीत मी लहानाची मोठी झाले. तिथं माझी आई अशीच बोलायची, तिची आई अशीच बोलायची, आणि त्यांच्या बाईपणाबद्दल कुणाला शंका आल्याचं मी तरी ऐकलं नाही. कागदावर लिहिताना शाळेनं 'गेले', 'आले' असं वळण लावलं, ते अजून टिकून आहे. मोबाइलवर मात्र मी तोंडानं बोलते तसंच लिहिते, आणि सगळा घोटाळा तिथून झाला.

मी शाळेत असताना शाहूपुरीतल्या एका छोट्या छापखान्यातून कॉमिक्स निघायची. एकाच माणसाचा कारभार होता. गोष्ट त्याची, चित्रं त्याची, आणि गठ्ठे सायकलला बांधून दुकानात पोचवायचा तोही तोच. त्याचे तीन नायक होते. त्यातला माझा म्हणजे फौंड्रीवाला. दिवसा तो फौंड्रीत लोखंड ओतायच्या कामाला जायचा आणि अन्याय दिसला की त्याच्या अंगाचं वितळलेलं लोखंड व्हायचं. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची मारामारी पुढच्या पानावर दिसायची. रंग जागेवर बसायचे नाहीत, ओठांचा लाल ओठांच्या शेजारी पडायचा. ही छपाईतली चूक आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. फौंड्रीवाला असाच दिसतो, अशी आमची समजूत होती.

शेवटच्या अंकात खलनायकानं त्याला वितळलेल्या अवस्थेतच साच्यात ओतला आणि गार केला. शेवटच्या पानावर लोखंडाचा एक ठोकळा, त्यात दोन उघडे डोळे, आणि खाली 'क्रमशः'. पुढचा अंक आलाच नाही. छापखाना बंद पडला असं दुकानदार म्हणाला. मी तेव्हा नववीत होते. बरेच महिने मी त्या दुकानदाराला विचारत राहिले, मग तो मला बघूनच मान हलवायला लागला, तेव्हा विचारणं सोडलं. पुढं शिक्षण झालं, लग्न झालं, आणि हुपरीला येताना ट्रंकेत साड्यांच्या खाली ते सगळे अंक घेऊन आले.

हुपरीत घराघरात चांदीचं काम चालतं. आमच्याकडं पैंजणांना घुंगरू जोडतात, ते मी करते. नवरा तयार माल घेऊन परराज्यात फिरतो, महिन्यातले निम्मे दिवस घरी नसतो. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला त्यानंतर त्या खाटेवरच आहेत. बोलणं शाबूत आहे, नजर शाबूत आहे, आवाज तर पूर्वीपेक्षा वाढलाय, पण स्वतःची कूस स्वतःला बदलता येत नाही. ती थोड्या थोड्या वेळानं बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. कोल्हापूरची बस आमच्या समोरच्या रस्त्यावरून जाते. तिची वेळ झाली की मी घुंगरू जोडता जोडता खिडकीतून बघते. कुणी चढतं, कुणी उतरतं, बस जाते.

मी अडकलेय, हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की ऐकणारा लगेच म्हणतो, सेवेचं पुण्य लागतं. मला पुण्य नको असतं. मला एखाद्या दुपारी त्या बसमध्ये बसायचं असतं, बस्स.

एक दिवस मोबाइल चाळताना काळं चित्र समोर आलं. काळ्यात दोन डोळे, आणि खाली लिहिलेलं, 'तो अजून आत आहे.' मी हातातलं घुंगरू खाली ठेवलं. त्या छापखान्यातल्या चित्रकाराचं वय झालं होतं, पण हात चालत होता. तो तिन्ही नायकांची कॉमिक्स नव्यानं काढणार होता, आणि पहिला अंक गोष्ट जिथं तुटली तिथूनच सुरू होणार होता. मला आनंद होण्याआधी राग आला. इतकी वर्षं कुठं होतास बाबा, असं मी मोबाइललाच विचारलं.

वाचकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला होता, त्यात मी शिरले. चालवणारा नाशिकचा, बँकेतला माणूस. चित्रकारालाही त्यानं ग्रुपवर घेतलं होतं. बाकीचे पुण्याचे, नगरचे, नागपूरचे, सगळे चाळिशी ओलांडलेले बाप्ये, आणि सगळे शाळेतल्या पोरांसारखे भांडणारे. नवा कागद गुळगुळीत असणार असं कळलं तेव्हा दोघे जण रागानं ग्रुप सोडून गेले आणि संध्याकाळी परत आले. ओठांचा लाल रंग ओठांच्या शेजारीच पडला पाहिजे, अशी एकानं लेखी मागणी केली आणि बाकीच्यांनी तिला पाठिंबा दिला. मीही दिला. अंकाची तारीख पुढं पुढं ढकलली जात होती आणि दर वेळी ग्रुपवर सुतक असल्यासारखं वातावरण व्हायचं.

माझ्या फोनवर नाव आमच्या पैंजणांच्या धंद्याचं, पत्त्यासकट. फोटोही पैंजणाचाच. आणि पहिल्याच दिवशी मी लिहिलं, 'मी नववीत असल्यापासून वाट बघतोय.' लगेच उत्तरं आली, या दादा, स्वागत आहे दादा, हुपरीचे दादा आले. कोल्हापूरचा माणूस 'बघतोय'वरून बाई की बाप्या हे ठरवत नाही. पण त्या बिचाऱ्यांना काय माहीत.

पहिल्यांदा मला हसू आलं. दोन दिवसांनी सांगून टाकू असं ठरवलं होतं. पण त्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की दादाशी माणसं वाद घालतात. ताईला 'छान' म्हणतात आणि पुढं जातात. मला वाद हवा होता. दिवसभर माझ्याशी कुणी वाद घालत नाही, सगळे फक्त हाका मारतात. म्हणून मी मूग गिळून दादा झाले.

दुपारी मी सासूबाईंना जुने अंक वाचून दाखवायची. सुरुवातीला त्यांना झोप लागावी म्हणून वाचायची, पण झोप राहिली बाजूला, त्याच मागं लागायला लागल्या. शेवटचं पान दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ त्या दोन डोळ्यांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्येला काय हुतंय ते मला इचार." तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा पहिला प्रश्न एकच. सुटला का त्यो?

ग्रुपवर सगळे त्याला फोडायच्या मागं लागले होते. कुणी घण आणत होतं, कुणी क्रेन, कुणी दुसऱ्या दोन नायकांना मदतीला धाडत होतं. मला त्या ठोकाठोकीचा वीट आला. एका दुपारी सासूबाईंना कुशीवर वळवलं, पाठीमागं उशी लावली आणि तिथंच बसून लिहिलं, की त्याला कुणी सोडवायला जाऊच नका. गेलात तर खलनायक सावध होईल. त्याला नुसतं लोखंड समजू दे सगळ्यांना. बिनकामाचा ठोकळा म्हणून भंगारात जाऊ दे. भंगार शेवटी भट्टीत जातं. भट्टीत गेला की तो वितळला, वितळला की सुटला. त्याला कुणी ओळखलं नाही तरच तो सुटेल.

लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. "भंगारात?" त्या म्हणाल्या. "मला बी घाला की मग." आणि खाट हलेपर्यंत हसल्या. मला हसता येईना.

ग्रुपवर तासभर रण माजलं. मग चित्रकारानं, ज्यानं तोवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं, त्यानं लिहिलं, 'पावणं, हे मला सुचायला पाहिजे होतं. घेऊ का?' मी लिहिलं, घ्या की. सगळे मला दादा म्हणायचे, तो एकटा पावणं म्हणाला. मी त्याकडं लक्ष दिलं नाही, आमच्याकडं परक्या माणसाला पावणंच म्हणतात.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट हवी होती, आणि इतकी हवी होती की घुंगरू जोडताना मोजणी चुकायला लागली. तो अंक निघेल तेव्हा त्या खोलीत मी असावं, आणि ते पान माझं आहे हे तिथल्या माणसांना कळावं. माझं म्हणजे माझं. दादाचं नव्हे.

प्रकाशन शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये ठरलं, माझ्या माहेरच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नणंदेला मी खूप आधीपासून गळ घातली होती की त्या दिवशी आईजवळ येऊन बस. काय काम आहे विचारलं तेव्हा दाताचं सांगितलं. ती हो म्हणाली. मी साडी काढून ठेवली, बसची वेळ तर पाठच होती. आधी शेवटच्या रांगेत गुपचूप बसायचं, आणि धीर झाला तर उठून सांगायचं, असा माझा बेत होता. त्या दिवशी सकाळी नणंदेचा फोन आला की तिच्या घरी पाहुणे आलेत, दात पुढच्या आठवड्यात दाखव.

मी साडी घडी करून ठेवली. रडले नाही. डोक्यात नुसती तिडीक गेली होती, नणंदेवर, पाहुण्यांवर, त्या बसवर. खरं सांगायचं तर खाटेवर पडलेल्या त्या म्हातारीवरही, आणि तिला ते कळलं. दिवसभर तिनं एकदाही हाक मारली नाही. कूस बदलायची वेळ टळून गेली तरी गप्प पडून राहिली. ते मला जास्त लागलं.

दुपारभर ग्रुपवर फोटो येत राहिले. खुर्च्या, हार, अंकांचे गठ्ठे, आणि मधूनमधून हुपरीचे दादा कुठं आहेत, दादा पोचले का. मी लिहिलं, 'मी बाहेरगावी गेलोय.' त्यावर नाशिकवाल्यानं लिहिलं, काही हरकत नाही दादा, आम्ही उद्या परत जाताना हुपरीला येतो, पत्ता आहेच, अंक वहिनींकडं देऊन जातो.

वहिनी म्हणजे मी. माझाच अंक ते मला दुसऱ्या कुणासाठी देऊन जाणार होते. नको म्हणायला कारण सुचेना, आणि खरं तर नको म्हणायचं नव्हतं. निदान तो अंक तरी हातात येईल असा हिशेब मी केला. नमस्कार करायचा, चहा द्यायचा, हे आले की देते म्हणायचं, आणि ते गेल्यावर दार लावून ते पान उघडायचं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी नवराच आला. माल लवकर खपला म्हणून ठरल्यापेक्षा आधीच्या गाडीनं. तो बनियनवर बसून चहा पीत होता आणि मी त्याला काय आणि कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात दारात गाडी थांबली. नाशिकवाला, पुण्याचा एक जण आणि मागं काठी टेकत चित्रकार.

"वहिनी, नमस्कार. दादा नाहीत ते माहीत आहे, अंक द्यायला आलो," नाशिकवाला म्हणाला.

आतून नवऱ्यानं विचारलं, कोण हाय गं? नाशिकवाल्यानं माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम फुलला. अरे, दादा आलेत की, असं म्हणत तो चपला काढून आत शिरला आणि बनियनवरच्या माझ्या नवऱ्याला त्यानं कडकडून मिठी मारली.

नवरा मूर्ख नाही. परराज्यात माल विकणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्यावरून भाव ओळखतो. त्यानं त्या माणसाच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. माझी पाचावर धारण बसली होती. आपली बायको काहीतरी करून बसलीय आणि चारचौघांत तिची शोभा होणार, एवढं त्यानं ओळखलं. तो म्हणाला, "व्हय, मीच की. बसा."

मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचाच मला इतका राग आला की पाण्याचे तांबे मी आपटतच भरले.

त्यांनी अंक त्याच्या हातात दिला. पहिल्या पानावर छापलं होतं, सुटकेची कल्पना हुपरीच्या दादांची. नाशिकवाल्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. नवऱ्यानं मान डोलावली आणि अंक न उघडता मांडीवर ठेवला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. पान उलटा की, एवढंच मी मनात म्हणत होते.

मग प्रश्न सुरू झाले. ही भंगाराची कल्पना कशी सुचली, असं पुण्याच्या माणसानं विचारलं. नवरा म्हणाला, सुचली अशीच. ते हसले आणि पुढं ऐकायला थांबले. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग मी तोंड उघडलं. हे म्हणत होते, की सगळे त्याला फोडायला निघालेत, पण फोडल्यावर तो उरेल का? बरोबर, बरोबर, असं म्हणत त्यांनी नवऱ्याकडं बघून माना हलवल्या. खलनायकाला संशय कसा आला नाही, असं विचारलं. हे म्हणतात, की कामाची नसलेली वस्तू कुणी निरखून बघत नाही. वा, नाशिकवाला नवऱ्याला म्हणाला. जुन्या अंकांतला आवडता प्रसंग कुठला, असं विचारलं, तोही मी सांगितला, 'ह्यांना तो आवडतो' असं म्हणून. माझं एकेक वाक्य माझ्या तोंडून निघत होतं आणि त्याच्या नावावर जमा होत होतं. नवऱ्यालाही आता रंग चढला होता. कौतुक कुणाला नको असतं? तो पाठ ताठ करून बसला.

काठीवर हनुवटी ठेवून चित्रकार ऐकत होता. मग त्यानं खिशातून एक कागद आणि पेन काढलं आणि म्हणाला, दुसऱ्या अंकाचं अजून ठरलं नाही. भट्टीतनं तर आला भाईर. म्होरं काय करावं त्यानं?

हे मला कुणी विचारलंच नाही. त्यानं खोलीला विचारलं होतं, आणि खोलीत माझा नवरा दादा होता. नवऱ्यानं क्षणभर विचार केला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट तो त्या लोखंडाच्या माणसाचं भलंच चिंतत होता.

"लई सोसलं की त्यानं," तो म्हणाला. "आता घरात बसवा. लगीन करून द्या. घर संभाळू दे निवांत."

सगळे हसले. चित्रकारानं मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं. पेन कागदाला टेकलेलं मी बघितलं. माझं नाव नाही छापलं, नाही छापलं. दादा म्हणून कुणाला मिठी मारली, मारू दे. पण हे नाही.

"न्हाय," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा होता. "घरात न्हाय जायाचा त्यो. इतकी वर्सं मी वाट बघितलीया. भंगाराचं मी लिवलोय. ह्यांनी एक पान बी वाचलेलं न्हाय."

नाशिकवाल्यानं नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग हातातल्या कपाकडं. पुण्याचा माणूस काहीतरी पुटपुटला. नवऱ्याची मान खाली गेली, आणि मग त्यानं मांडीवरचा अंक उचलून माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. चित्रकाराला मात्र काही धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. तो शाहूपुरीचा माणूस, त्याची आईही 'मी आलो'च म्हणत असणार. त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली, कागद गुडघ्यावर नीट केला आणि विचारलं, "बरं पावणं. घरात न्हाय. मग कुठं जातोय त्यो?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मला हवं होतं ते नेमकं हेच होतं, आणि मी तोंड उघडून उभी राहिले. त्याला बाहेर कसं काढायचं याचा मी नववीपासून विचार केला होता. बाहेर आल्यावर माणूस कुठं जातो, ते मला माहीत नव्हतं.